जात्याची छाप

सेलूच्या बाजारपेठेत एका बाईचं येसराचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागं भट्टी, मधल्या खोलीत गिरणी आणि पुढं तराजू. मराठवाड्याबाहेर येसर फारसं कुणाला माहीत नसतं. धान्य आणि हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात धने, खोबरं, मिरची, दगडफूल भाजून घालायचं आणि सगळं एकत्र दळायचं. ते पीठ पाण्यात कालवून फोडणीवर सोडलं की दाट, तांबूस आमटी होते. इकडच्या लग्नघरांत मेतकूट आणि येसर आधी करून ठेवतात.

बाईच्या नवऱ्यानं पाकिटावर एक छाप घातली होती. पिवळ्या कागदावर दगडी जातं आणि त्याच्या खुंट्यावर हिरव्या बांगड्यांचा हात. तेव्हा कितीतरी गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं. ती दुकानाचं नाव घेत नसत, "जात्याचं द्या," म्हणत. पुढं त्यांची शिकलेली लेकरंही तेच म्हणू लागली. मराठवाडा एक्स्प्रेसनं मनमाडकडं निघालेल्या, तिथून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पोरांच्या पिशवीत आया एक पाकीट हमखास टाकत. नवऱ्यानं छापेची सरकारात नोंद केली, दाखला पेटीत ठेवला. काही वर्षांनी तो वारला.

मुलगा गल्ल्यावर बसू लागला. कढई मात्र बाईनं सोडली नाही. धूर किती निघाला की डाळ उतरवायची, हे तिला वासावरून कळत असे.

एका वर्षी एक मराठी सिनेमा आला. तो काढणारा मुलगा याच जिल्ह्यातला, गोदाकाठचा. पैसा थोडा होता. त्यानं गंगाखेडच्या बाजूच्या एका गावात खरं घर घेतलं, खरं स्वयंपाकघर घेतलं, आणि फळीवर ठेवायला गावच्या किराणा दुकानातून खरं सामान आणलं. त्या सामानात येसराची चार पाकिटं होती.

सिनेमात एक प्रसंग होता. पुण्यातली नोकरी सुटलेला नायक घरी येतो. जेवायला बसतो. पहिल्याच भुरक्याला त्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. तो फळीवरचं पाकीट हातात घेऊन बायकोला म्हणतो, "तुझी माय आन् हे येसर, दोघंबी माणसाला रडवूनच सोडतेत." पडद्यावर पाकीट चांगलं मोठं दिसलं. जातं दिसलं, हात दिसला, बांगड्या दिसल्या. लोक हसले. तो प्रसंग लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवला. लग्नाच्या पंगतीत आमटी वाढताना तेच वाक्य ऐकू येऊ लागलं.

मुलाला ते लागलं.

"आपल्या मालावर हसायलेत," तो आईला म्हणाला. "बापानं उभं केलेलं नाव ह्यानं फुकटात घेतलं आन् त्याची थट्टा केली. इचारलं बी नाही."

बाई म्हणाली, "तिखट हाय म्हणला. खोटं काय म्हणला?"

मुलाला ते पटलं नाही. त्यानं कुठूनतरी दिग्दर्शकाचा नंबर मिळवला आणि फोनवर त्याला खूप बोलला. दिग्दर्शक गोंधळला. माफी मागितली. थिएटरातून सिनेमा उतरला होता, पण मोबाइलवर दिसायचा होता. तिथं पाकीट धूसर करून टाकतो, असं तो म्हणाला. मुलाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्याला प्रसंगच काढून हवा होता आणि वर भरपाई हवी होती.

त्याच्या रागाला एक कारण मिळालं होतं. सिनेमा आल्यापासून दुकानाचा खप घटत चालला होता. आधी मानवत आणि पाथरीचे दुकानदार माल कमी मागवू लागले, मग परभणीचे. मुलगा रोज रात्री वही मांडून बसे आणि कमी झालेला आकडा आईला दाखवे. "हे त्या सिनेमाचं," म्हणे.

त्याच दिवसांत वालूरची एक म्हातारी दुकानात आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. तिनं डब्याचं झाकण उघडून बाईपुढं धरलं.

"अक्का, या खेपेला दगडफूल इसरलीस काय गं? आन् डाळ कच्ची लागायली."

बाईनं चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. चव तिची नव्हती. पण मागच्या महिन्यात तिला ताप आला होता आणि दोन घाणे मुलानं भाजले होते. तिला वाटलं, त्यातलंच असेल. तिनं म्हातारीचा डबा रिकामा करून ताजं येसर भरून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मुलगा गल्ल्यावरून म्हणाला, "ह्यांनी बी सिनेमा पाहिला असंल. आता समदेच नावं ठेवतेत."

म्हातारीनं सिनेमा पाहिलेला नव्हता. पण ते तिला कुणी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी मायलेक रेल्वेनं परभणीला वकिलांकडं गेले. वकीलसाहेब वयस्कर होते, हळू बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तो प्रसंग मोबाइलवर दोनदा पाहिला आणि मग दाखला मागितला. मुलानं पेटीतला कागद पुढं केला. वकिलांनी तो उजेडात धरला.

"याची मुदत संपून तीन वर्षं झाली," ते म्हणाले.

मुलाला कळेना. वकिलांनी समजावून सांगितलं. छापांचा सध्याचा कायदा 1999 चा. तो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी ती पुन्हा करून घ्यायची असते. चुकली तर मुदतीनंतर वर्षभरापर्यंत जास्तीची फी भरून नाव परत चढवता येतं. ते वर्षही निघून गेलं होतं. वडील दहा वर्षं भरायच्या आत गेले, आणि पेटीतला कागद कुणी काढून पाहिला नाही.

मुलगा खाली बघत बसला. "मंग छाप आमची राह्यलीच नाही?"

"कागद संपला. छाप तुम्ही वापरताय तोवर तिच्यावरचा हक्क संपत नाही. फक्त आता तो पुराव्यानं दाखवावा लागेल. आधीपासून ही छाप आम्हीच वापरतो आणि लोक ती बघून आम्हालाच ओळखतात, एवढं सिद्ध करावं लागतं. मुंबईच्या कार्यालयात नवा अर्ज आजच करू."

बाईनं मान हलवली. मुलगा मात्र सिनेमावर परत आला. वकिलांनी त्याला थांबवलं नाही. त्यांनी विचारलं, "सिनेमावाल्यानं काय विकलं?"

"सिनेमा."

"येसर विकलं?"

"न्हाई."

"सिनेमा बघून कुणाला वाटलं का, की हा सिनेमा सेलूच्या येसरवाल्यांनी काढलाय?"

"आसं कसं वाटंल?"

"मग त्यानं तुमची छाप दाखवली, वापरली नाही. कायद्याच्या दृष्टीनं या दोहोंत फार अंतर आहे."

आणि त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. मुंबईत 1910 साली झंडू नावाची औषधांची कंपनी सुरू झाली. तिचा बाम घराघरांत गेला. 2008 मध्ये कोलकात्याच्या इमामी कंपनीनं ती विकत घेतली. दोन वर्षांनी, 2010 च्या सप्टेंबरात 'दबंग' आला. त्यातल्या एका गाण्यात नाचणारी बाई स्वतःला त्या बामचं नाव लावून घेते. गाणं गल्लोगल्ली वाजू लागलं. कंपनीची परवानगी कुणी घेतली नव्हती. कंपनीनं निर्माते अरबाज खान यांना नोटीस धाडली. पण मग दोन्ही बाजू बसल्या आणि प्रकरण आपसांत मिटलं. गाण्यात नाचलेली मलायका अरोरा पुढं त्याच बामच्या जाहिरातीत आली.

"म्हंजी पैसे घेतले अन् गप बसले," मुलगा म्हणाला.

"त्यांनी हिशेब केला," वकील म्हणाले. "गाण्यामुळे बाम घेणारा कमी झाला का? नाही. दुसऱ्या कुणाचा बाम याच नावानं खपला का? नाही. मग भांडण कशासाठी, हा प्रश्न उरतो. रागाच्या दिवशी तो सुचत नाही. नोटीस पाठवल्यानंतर का होईना, त्यांना सुचला."

सगळ्याच कंपन्यांना तो सुचत नाही, वकील पुढं सांगू लागले. 2012 मध्ये प्रकाश झा यांचा 'चक्रव्यूह' आला. महागाईवरच्या त्यातल्या एका गाण्यात बड्या घराण्यांची नावं येतात, त्यांत बाटाचंही येतं. बाटा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं गाणं अडवलं नाही. गाणं साऱ्या बड्यांवरचा लोकांचा राग सांगत होतं, बाटाचे जोडे वाईट आहेत असं सांगत नव्हतं. कुणाची बदनामी करायचा हेतू नाही, अशी पाटी दाखवून सिनेमा लागला. अमेरिकेतही असंच झालं होतं. 'हँगओव्हर'च्या दुसऱ्या भागात विमानतळावर एक पात्र नकली पिशवी घेऊन बसतं आणि ती लुई व्हिताँची आहे, सांभाळून, असं दुसऱ्याला बजावतं. कंपनीनं वॉर्नर ब्रदर्सवर दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयानं 2012 च्या जूनमध्ये तो फेटाळला. त्या पिशवीमुळे पात्राचा स्वभाव कळतो, ती गोष्टीचा भाग आहे, आणि तो सिनेमा पिशवीवाल्या कंपनीचा आहे असं प्रेक्षकाला वाटण्याजोगं काही नाही, असं न्यायालयाला दिसलं.

मुलानं विचारलं, "म्हंजी सिनेमात कुणी बी काय बी बोलावं?"

"तसं नाही. माल विषारी आहे, त्यात भेसळ आहे, असं खोटंच ठोकून दिलं तर ती बदनामी. तिथं मी तुमच्याबरोबर उभा राहीन. आणि हाच कायदा असंही सांगतो की छापेतले शब्द नुसते तोंडानं उच्चारले तरी भंग होऊ शकतो. पण तो उच्चार धंद्यासाठी हवा. बोलणारा कोण आहे आणि काय विकतोय, ते आधी पाहायचं."

मग त्यांनी मुंबई उच्च न्यायालयातलं एक प्रकरण सांगितलं. 2017 मध्ये अमूलच्या आइस्क्रीमच्या जाहिरातीत फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं असं दाखवलं होतं. जाहिरातीत कुणाचं नाव नव्हतं. तरी फ्रोजन डेझर्ट विकणारी हिंदुस्तान युनिलिव्हर न्यायालयात गेली, आणि न्यायालयानं ती जाहिरात थांबवली. पुढं अपिलातही ते कायम राहिलं. तिथं बोलणारा स्वतः तसाच माल विकत होता, समोरच्याच्या गिऱ्हाइकाला आपल्याकडं ओढत होता. "नाव न घेताही तो अडकला. आणि बाटाचं नाव घेऊनही गाणं सुटलं. आता तुम्हीच सांगा, तुमचा सिनेमावाला या दोघांपैकी कुणाच्या जवळचा?"

मुलगा बोलला नाही. वकील बाईकडं वळले.

"मावशी, छाप कशासाठी असते? गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा म्हणून. जिनिंगमधून निघालेल्या गाठीवर मार्का असतो, तो कशाला? सूत चांगलं निघालं तर त्याच गाठी पुन्हा घेता याव्यात, खराब निघालं तर कुणाला धरायचं ते कळावं. म्हणून मी एकच विचारतो. तुमचं गिऱ्हाईक फसलं का? जातं बघून त्यानं पाकीट घेतलं आणि आत दुसरंच काही निघालं, असं कुठं झालं का?"

मुलगा "न्हाई" म्हणणारच होता. तेवढ्यात बाईला वालूरचा डबा आठवला.

"आमच्या दुकानातून ती कधी घेऊन गेलती?" तिनं मुलाला विचारलं. मुलानं आठवून पाहिलं. दिवाळीनंतर म्हातारी येसर घ्यायला आलीच नव्हती. म्हणजे डब्यातलं येसर तिनं दुसरीकडून घेतलं होतं.

बाई सेलूला परतली ती दुसऱ्या दिवशी तशीच वालूरला गेली. म्हातारीनं तिला पाणी दिलं, चहा ठेवला. येसर कुठून आणलं होतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "परभणीहून. उरुसातून. तुहंच तर दुकान लागलं व्हतं." आणि तिनं चुलीमागून घडी घालून ठेवलेलं पाकीट काढून दिलं.

परभणीला तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. सगळ्या जातीधर्माचे लोक लांबलांबून येतात. पाळणे असतात, मिठाई असते, भांड्याकुंड्यांची, मसाल्यांची दुकानं लागतात. म्हातारीला तिथं पिवळं पाकीट दिसलं होतं. त्यावर जातं होतं. खुंट्यावर हात होता. हातात हिरव्या बांगड्या होत्या. बाईनं पाकीट हातात घेतलं तेव्हा क्षणभर तिलाही ते आपलंच वाटलं. मग तिनं बांगड्या मोजल्या. तिच्या छापेत पाच होत्या, इथं चार. दुकानाचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं आणि ते दुसरंच होतं.

"दुकानावर लई मोठा फलक व्हता," म्हातारी म्हणाली. "सिनेमातल्या त्या पोराचा फोटो व्हता. माह्या नातवानं वाचून दाखवलं. सिनेमात गाजलेलं येसर, आसं लिव्हलं व्हतं."

बाई बराच वेळ ते पाकीट हातात घेऊन बसली.

मुलगा दोन दिवस फिरला. पाथरी, मानवत, परभणी. ज्या दुकानदारांनी माल कमी केला होता त्यांच्या फळीवर चार बांगड्यांची पाकिटं मिळाली. किलोमागं चाळीस रुपयांनी स्वस्त. "गिऱ्हाईक जात्याचं मागतंय, जात्याचं देतो," दुकानदार म्हणाले. त्यातल्या दोघांना तर दोन माल वेगळे आहेत हेच ठाऊक नव्हतं. सिनेमानंतर मागणी वाढली होती. माणसं हसून, कौतुकानं, "ते रडवणारं येसर द्या" म्हणत येत होती. ती सगळी वाढ दुसऱ्याच्या घरात चालली होती. मुलगा महिनोनमहिने ज्याला शिव्या देत होता, त्यानंच खरं तर गिऱ्हाईक आणलं होतं.

मायलेक पुन्हा वकिलांकडं गेले. या वेळी मुलगा कमी बोलला.

नक्कल करणारा शेजारच्या जिल्ह्यातला मसालेवाला होता. नोटिशीला त्यानं वकिलामार्फत उत्तर दिलं. जातं घरोघरी असतं, येसर हा शब्द साऱ्या मराठवाड्याचा आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. आणि ही छाप आपण पाच वर्षांपासून वापरतो, उलट सेलूवाल्यांनीच ती आपल्यावरून उचलली असेल. त्यांची तर नोंदणीही नाही.

वकील म्हणाले, "पहिलं त्याचं खरं आहे. येसर कुणीही म्हणावं, जातंही कुणी काढावं. पण पिवळा कागद, जातं, त्याच खुंट्यावर तोच हात, त्याच हिरव्या बांगड्या, हे सगळं एकत्र यायला योगायोग पुरत नाही. खोटं आहे ते दुसरं. पण ते खोटं आहे हे आपल्याला दाखवावं लागेल. तुमच्या जुन्या पावत्या काढा."

पावत्या निघाल्या, पण त्यांवर 'येसर' एवढंच लिहिलेलं होतं. छापेचं चित्र पावतीवर कुठून असणार? पाकीट छापणारा छापखाना बंद पडला होता. जुनी पाकिटं कुणी जपून ठेवत नाही. येसर संपलं की कागद चुलीत जातो.

बाई म्हणाली, "त्या सिनेमावाल्या पोराकडं असंल."

मुलानं मान वर केली नाही. पण फोन त्यानंच लावला. आधी मागच्या बोलण्याची माफी मागितली, मग अडचण सांगितली. दिग्दर्शकानं एक दिवस मागितला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः परभणीला आला. त्याच्याकडं शूटिंगच्या मूळ फिती होत्या, त्यांवर तारखा होत्या. सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत होती, त्यावरही तारीख होती. आणि सामान आणणाऱ्या पोरानं ठेवलेली एक वही होती. तिच्यात गावच्या किराणा दुकानाची पावती चिकटवलेली होती: तेल, साखर, काडेपेटी, जात्याचं येसर चार पाकिटं.

"पाकीट अजून झाकलेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही प्रसंगच काढा म्हणालात, मला तो काढवत नव्हता. म्हणून राहून गेलं."

जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. नोंदणी नसली तरी एकाचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं कायद्याला मान्य नाही, आणि तसा दावा जिल्हा न्यायालयात चालतो. पडद्यावर दिसलेलं पाकीट न्यायाधीशांनी थांबवून थांबवून पाहिलं. पाच बांगड्या स्पष्ट दिसत होत्या. मसालेवाल्याला पाच वर्षं दाखवता आली नाहीत. त्याच्याकडची सगळ्यात जुनी छपाईची पावती सिनेमा लागल्यानंतर दोन महिन्यांची निघाली. वालूरच्या म्हातारीनंही आपलं म्हणणं मांडलं. जातं बघून घेतलं, आपल्या अक्काचं म्हणून घेतलं, आणि ते तिचं नव्हतं, एवढंच ती म्हणाली.

न्यायालयानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. कमिशनर नेमून मसालेवाल्याच्या गोदामातल्या पाकिटांचा पंचनामा झाला. पुढं दावा लांबवण्याऐवजी त्यानं लेखी हमी दिली, छाप सोडली आणि झालेल्या खर्चाचे पैसे भरले. आता तो त्याचं येसर बैलजोडीच्या छापेनं विकतो. ते बरं खपतं असं ऐकलं. त्याचं त्याला खपावं, यात कुणाचं काही जात नाही.

मला या गोष्टीत त्या मुलाचा राग समजतो. बापाची आठवण आणि पोटाची सोय एकाच कागदावर छापलेली असली की त्या कागदाला कुणी हात लावलेला सहन होत नाही. पण ज्वारीच्या राखणीला माचाणावर बसलेला माणूस पाखरांवरच गोफण फिरवत राहिला, तर मागच्या बांधानं शिरलेली गुरं त्याला दिसत नाहीत. लोकांच्या बोलण्यात, हसण्यात, गाण्यात नाव आलं की ते नाव मोठं झाल्याची ती खूण असते, आणि मोठ्या नावाला थोडी थट्टा सोसावी लागते. राखण करायची ती गिऱ्हाइकाच्या विश्वासाची. तिथं मात्र एका बांगडीचाही फरक सोडू नये. बड्या कंपन्या पदरी वकिलांची फौज ठेवूनही हे विसरतात. सेलूच्या बाईला ते एका डब्यानं दाखवलं, कारण तिनं गिऱ्हाइकाची तक्रार विसरून न जाता तिचा माग काढला.

नव्या अर्जावर नोंदणी झाली. दाखला आता पेटीत नसतो, गल्ल्यामागच्या भिंतीवर चौकटीत लावलेला आहे आणि मुलानं मुदतीची तारीख वर लाल शाईनं लिहून ठेवली आहे.

दुसऱ्या वर्षी दिग्दर्शकाचं पत्र आलं. तो नवा सिनेमा काढत होता. या वेळी त्यानं आधी विचारलं होतं: स्वयंपाकघराच्या फळीवर तुमचं पाकीट ठेवू का, आणि एका पात्राच्या तोंडी त्याचं नाव आलं तर चालेल का? मुलानं पत्र आईला वाचून दाखवलं आणि काय लिहू म्हणून विचारलं. बाई कढईपाशी होती. तिनं सांगितलं तसं त्यानं उत्तर लिहिलं. पाकीट दाखवा. पैसे नकोत. आमटी तिखट लागली तर तिखट म्हणा, नाही आवडली तर तसं म्हणा. फक्त शूटिंगला पाकीट रिकामं करून त्यात दुसरं काही भरू नका. लागतील तेवढी भरलेली पाकिटं आम्ही सेलूहून पाठवू.